गळ्यातली पाटी

वेल्श भाषा मी शिकते ती निव्वळ मिरवायला. टोकियोजवळच्या उरायासुत आम्ही राहतो; इथली मराठी मंडळी जेवायला जमली की मी घसा साफ करते आणि वेल्समधल्या एका लांबलचक गावाचं नाव एका दमात म्हणून दाखवते. टाळ्या पडतात! त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप, पोळ्या लाटताना वेल्श रेडिओ आणि शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये एका निवृत्त जपानी सेन्सेईंचा वर्ग.

त्या शनिवारी नवरा ऑफिसला गेला होता, म्हणून दहा वर्षांच्या लेकीला वर्गात नेलं. तिने जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली होती. कारण मला ठाऊक होतं. आमच्या घरचा नियम: जो जपानी बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी पाटी. दुसरा कोणी सापडला की पाटी त्याला. झोपताना ज्याच्याकडे उरेल, त्याने भांडी घासायची. नियम माझा, पाटीवरचा मराठीचा 'म'सुद्धा मीच रंगवलेला. त्या दिवशी सकाळपासून पाटी लेकीकडे होती.

सेन्सेई इतिहासाकडे वळले. "दीडशेएक वर्षांपूर्वी वेल्समधल्या काही शाळांत मुलांनी इंग्रजीच बोलावं असा हट्ट होता. मूल वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा. दुसरं बोललं की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल, त्याला छडी."

त्यांनी फळ्यावर दोरीसकट चित्र काढलं. लेक चित्राकडे बघत होती.

"मग मुलं काय करायची?" मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं.

"गप्प बसायची."

चेन सर्रकन खाली आली. लेकीने पाटी बाहेर काढली आणि जपानीत विचारलं, "अशी?"

सगळे माझ्याकडे वळले. जन्मात पहिल्यांदा मला प्रेक्षक नको होते.

"ती मी केलीय," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत ती बोलली नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. ना मराठी, ना जपानी. मी नकला केल्या, वेल्श गाणी म्हटली, शेवटी सरळ माफी मागितली. ती पाटी गळ्यात घालूनच जेवली, गळ्यात घालूनच झोपली.

आमच्याकडे मंगळवारी फक्त जळणारा, म्हणजे जाळून टाकता येणारा, कचरा नेतात. मी पिशवीला गाठ मारत होते. ती दप्तर पाठीला लावून समोर आली, पाटी हातात.

"आई, लाकूड जळणाऱ्यात ना?"

मराठीत! 'शाब्बास' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. गाठ सोडली आणि पिशवी उघडी धरली.