पाणी आधी खालच्या शेताला

निवृत्तीनंतर मी वसमतजवळच्या आमच्या गावी परतलो, वडिलांची दीड एकर हळद सांभाळू लागलो आणि वर्षभरात, कालव्याचं पाणी आमच्या शेतांपर्यंत आणणाऱ्या चारीच्या पाणीवापर संस्थेचा सचिव झालो. पात्रता एकच, माझं अक्षर बरं होतं.

संस्थेचं उद्घाटन थाटात झालं. चारीला एका खेपेस पाणी जेवढा वेळ चालतं, साधारण तेवढा वेळ भाषणं चालली. मग पाहुण्यांनी एका तक्त्यावरचा पडदा ओढला. कुणी किती वाजता पाणी घ्यायचं, ते सगळं रंगीत चौकटींत. पहिली चौकट माझी, कारण माझं शेत चारीच्या तोंडाशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे होकार, असं समजणारा तिथे मी एकटाच होतो.

आमच्या चारीची रीत उलटी. पाणी आधी शेवटच्या शेताला. ते शेत तांड्यावरच्या एका बाईंचं. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचं भिजलं की त्या खांद्यावर फावडं टाकून चारीच्या कडेनं वर येतात आणि एकेकाला सांगतात, "घ्या आता." तोवर कुणी चारीवरचं आपलं दार उघडत नाही.

डिसेंबरात हळदीचं शेवटचं पाणी सुटलं, तेही एका दिवसापुरतं. कंद पोसायचे दिवस. हे पाणी चुकलं असतं तर मावशींची हळद बारीक राहिली असती. त्यांना विहीर नाही. मी घड्याळ पाहून सकाळी सातला माझं दार उघडलं.

दहाच्या सुमारास शेजारचा शेतकरी बांधावर आला.

"गुरुजी, मावशी वर येऊन गेल्या का?"

"नाही. पण तक्त्यात सात ते अकरा माझी वेळ आहे."

"तक्त्यात आहे, व्हय. मावशीच्या हळदीत काय आहे ते बघितलं का?"

त्याच्या मोटरसायकलवर बसून बघायला गेलो. खाली चारीत इतकंच पाणी होतं की बेडकानंही उडी मारण्याआधी विचार करावा. मावशी कोरड्या बांधावर बसल्या होत्या.

"मावशी, हाक तरी मारायची!"

"काहून मारू? म्हनलं, शिकलेल्या मान्साचं पानी वरच जिरत असंल."

शेजाऱ्यानं चार फोन केले. माझं बघून उघडलेली सगळी दारं अर्ध्या तासात बंद, माझंही. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी या खेपेचं पाणी सोडून दिलं आणि शिवाय फावडी घेऊन चारीतलं गवत काढायला आले. ठराव मांडला नाही, अनुमोदनही कुणी दिलं नाही. दुपारी एकला पाणी खाली पोचलं. दिवस मावळायच्या आत मावशींची शेवटची सरी भिजली, आणि कालवा बंद झाला.

माझं अर्धं शेत मात्र कोरडं. विहीर मलाही नव्हती. घरी जाताना मावशी माझ्या बांधावर थांबल्या, सऱ्या पाहिल्या आणि शेजाऱ्याला म्हणाल्या, "तुझ्या विहिरीवरची मोटर चालू कर की रे. ह्यांची हळद काय पुस्तकावर पोसनार हाय?"

त्यानं हसत माझ्या बांधापर्यंत पाइप ओढला. मी पाणी वळवायला वाकलो, तर ते भलत्याच सरीत शिरलं.

"चारीच्या तोंडाशी तहानलेला मानूस पहिल्यांदाच बघून राहिले," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं फावडं काढून घेऊन त्यांनी पहिल्या कोरड्या सरीचं तोंड उघडलं.