मागची सीट

धुकं इतकं दाट होतं, की ॲम्ब्युलन्सच्या काचेवरून फडकं फिरवावं आणि मागोमाग काचेनं पुन्हा दव धरावं. तरी तिनं दारातल्या गाडीची काच पुसली, टायर चाचपले, ऑक्सिजनचा काटा बघितला. ड्रायव्हरकीची वर्षानुवर्षांची सवय. मागं कुणी कण्हलं, की हिचा पाय ॲक्सिलेटरवर आणि जीव मागं. म्हणून तर तिनं पॅरामेडिकच्या प्रशिक्षणाला नाव घातलं होतं.

लेखी परीक्षेत ती पास झाली, पण प्रात्यक्षिकात फजिती झाली. पेशंट बनलेल्या शिपायाला गाडीत चढवलं, मागचं दार धाडकन लावलं आणि ही बया पळत जाऊन स्टेअरिंगवर बसली!

"बाई, मी थांबू का मरू?" आतून शिपाई ओरडला.

वर्गाची हसून मुरकुंडी वळली. तेव्हापासून तिचं नावच 'स्टेअरिंग' पडलं. आज दुसरी संधी, आणि शेवटची.

सरावासाठी घरी सासूबाई पेशंट व्हायच्या. पायाला फळ्या बांधून घेताना करवादायच्या, "अगं, सैल बांध, खराच मोडशील!" आज निघताना म्हणाल्या, "किल्ली आधी दुसऱ्याच्या हातात दे बाई. तुझ्याकडं राहिली की पाय तिकडंच पळतील."

परीक्षा केंद्रावर पोचल्या पोचल्या तिनं किल्ली जुन्या ड्रायव्हरकाकांना देऊन टाकली.

स्ट्रेचर चढलं. या वेळी तीही मागं चढली. मास्क लावला, शिपायाच्या मनगटावर बोटं टेकवली. पुढं इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. तिचे तळपाय शिवशिवले. आपल्या गाडीची खोड आपल्यालाच ठाऊक. एका उडीत पुढं गेलं की काम फत्ते. समोर परीक्षक मास्तर पेन रोखून बसलेले.

ती हलली नाही.

"काका, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझू द्या, मग किल्ली फिरवा!" ती तिथूनच ओरडली. बोटं नाडीवरच.

गाडी सुरू झाली.

"नाडी किती?" मास्तरांनी विचारलं.

"ब्याऐंशी, सर. एकसारखी चाललीय."

त्यांनी स्वतः मोजून बघितली आणि पेनाला टोपण लावलं. "पास. आता ड्युटी मागच्या सीटवर."

शिपायानं एक डोळा उघडला. "वाचलो बुवा!"

तिनं सासूबाईंना फोन लावला. "अहो आई, झाले पास!"

"झालीस ना? मग आता माझ्या पायाला सुट्टी!"

हसत हसत तिनं डोळे पुसले. गाडीत सगळ्यांच्या बुटांचा चिखल झाला होता. तिनं बादली भरली, फडकं पिळलं आणि मागची फरशी पुसायला घेतली.