तीन ठोके

विनी ओल्डरॉइड आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात जन्मली आणि तिथेच म्हातारी झाली. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली ही घरं लोकरीच्या गिरणीच्या मालकाने कामगारांसाठी बांधली. मेल्याने विटा वाचवायला दोन घरांत एकच भिंत घातली, आणि फायरप्लेसच्या मागे तर ती जेमतेम एका विटेची. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडही होतं. निखारे सारायची सळई मागच्या विटांवर एकदा आपटली तर ‘चहा झालाय, ये’. तीनदा आपटली तर ‘धाव’. ते तीन ठोके ऐकून विनी किती बायकांच्या बाळंतपणाला धावली! माझी दोन्ही पोरं तिच्याच हातांत जन्मली.

जुने शेजारी एकेक करून घर सोडून गेले. आता आम्हा दोघींच्या मधलं घर कॅलमने घेतलंय. पोरगा गुणी, पण बाहेरगावचा, आणि गाणी कानठळ्या बसवणारी.

परवा दुपारी तो माझ्या दारात उभा. पावलं वाजू नयेत म्हणून नुसत्या मोज्यांवर आलेला.

“हिल्डाबाई, तुमची मैत्रीण भारी खडूस आहे हं! सकाळपासून भिंत बडवतेय. आवाज कमी केला, तरी बडवते. बंद केला, तरी बडवते. आता श्वास पण घेऊ नको का?”

“किती वेळा बडवते रे?”

“तीन तीनदा. आता थांबलीय. सुटलो एकदाचा.”

मी त्याला बाजूला सारून बाहेर पडले. “अरे मेल्या, ती तुला हाक मारत होती!”

विनीच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, पण घाईत ती कुलपात जाईना. दाराच्या फटीतून हाका मारल्या. आत चिडीचूप. थांबलीय, थांबलीय, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी कॅलमने किल्ली हिसकावून दार उघडलं.

दोन खोल्यांच्या मधला तो उभा, अंधारा जिना. त्यावरून पडून ती फायरप्लेसपर्यंत सरपटत गेली होती. सळई हातात, डोळे मिटलेले. तिला हात लावायची माझी हिंमत होईना. गार लागली तर?

कॅलम गुडघ्यांवर बसला. “विनीबाई, मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय माझ्या...”

तिने डोळे उघडले आणि त्याची बाही घट्ट धरली.

“गाणं कशाला बंद केलंस रे पोरा? मला वाटलं, तूही घर सोडून गेलास.”