पोट आत ओढून दिलेलं माप

लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच शिवणाच्या खोलीतलं भांडण नव्या सुनेच्या कानावर पडलं. मध्ये पडदा होता, पण सासूबाईंच्या आवाजाला पडदा कुठला पुरतो!

"तपासणीला आठ दिवस राहिले की पालेभाजीला शिवत नाही, आणि सुई टोचून आलात की अख्खी जुडी एकटे संपवता! कुणाला फसवता हो?"

"परीक्षेआधी सगळेच अभ्यास करतात," सासरे म्हणाले आणि त्यांनी मशीन जोरात दामटलं.

सासरे शिंपी. हृदयात धातूची झडप बसवलेली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त वाहायचं थांबत नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून डॉक्टर गोळी ठरवायचे. पालेभाजीने त्या गोळीचा जोर उतरतो. सासऱ्यांचा रिपोर्ट मात्र नेहमी झकास. नव्या सुनेने तोंड उघडायचं कसं?

वर्षभराने एका दुपारी कापड बेतताना त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. घटकाभरात सारं जागेवर आलं, पण सुनेने त्यांना तसंच रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत होते. "गेल्या महिन्यात उत्तम, आणि आज गोळी घेतलीच नाही असं दिसतंय. कसं काय?"

सासरे पंख्याकडे बघत बसले.

सून म्हणाली, "मामंजी, माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय म्हणता?"

ते म्हणाले, "गाढव म्हणतो." आणि सगळं कबूल करून मोकळे झाले.

डॉक्टर रागावले नाहीत. "भाजी सोडू नका, रोज सारखीच खा. गोळी मी तिच्या मापाने बसवतो."

तेव्हापासून रोज एक वाटी, तीही आतल्या रेघेपर्यंतच. रेघ त्यांनी स्वतः खिळ्याने ओढली होती. कुणी आग्रह केला की सासूबाई ती वाटीच पुढे करायच्या. अकरा वर्षं असं चाललं. मध्ये सासूबाई गेल्या, वाटी राहिली.

सासरे गेले ते झोपेत, शहात्तराव्या वर्षी. आदल्या दिवशी तपासणी होती. डावी बाही दुमडून गेले, रक्त दिलं, तिथल्या बाईंनी सांगितलं तेवढा वेळ कापूस दाबून बसले आणि येताना जुडी घेऊन आले. ओट्यावर ठेवत म्हणाले, "सूनबाई, वाटीपुरतीच कर हं."