नऊ घरं, एकही साठ नाही

“अहो, विचारलंत का मला? तोंड आहे ना मला? मग विचारा की!”

नगरच्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून हा आवाज आला तेव्हा मी खाली रस्त्यावर स्कूटर लावत होतो. दचकून स्कूटर आपोआप स्टँडवरून उतरली, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आग्रह धरत नाही. वर गेलो तर गायकवाड मॅडम खाटेवर उठून बसलेल्या, हाताला सलाईन, आणि समोर एक कोवळी नर्स फॉर्म छातीशी धरून उभी. तिचा गुन्हा एवढाच, की मॅडमकडे नुसतं बघून तिनं वयाच्या रकान्यात ‘सत्तर’ लिहिलं होतं. “मॅडम, सत्तर बरोबरच असेल,” मी मध्ये पडलो. “बरोबर असेल रे! पण विचारलं का तिनं?” मग त्यांनी त्या पोरीला खाटेवर शेजारी बसवलं आणि शिकवलं : आधी नाव ऐकायचं, मग माणसाकडे बघायचं, आणि मग पेनाचं टोपण काढायचं. पोरगी पाया पडून गेली. मी मात्र त्या दिवशी बावीस वर्षं पोटात दाबलेली एक गोष्ट ओकून टाकायला आलो होतो. पण मॅडमना धाप लागली, त्यांनी डोळे मिटले… आणि मी मोसंब्यांची पिशवी टेकवून सटकलो. पाचव्या दिवशी अण्णांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा फोन आला. “गेली,” एवढंच म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेला माणूस. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकूण चाळीस शब्द ऐकले असतील, त्यातले दहा ‘चहा घे’ या प्रकारचे.

मॅडम आम्हाला एम.ए.ला समाजशास्त्र शिकवायच्या. संशोधनपद्धती हा विषय बाकीच्या कॉलेजांतली मुलं गाईडमधून पाठ करायची. आम्हाला मॅडम एसटीत कोंबायच्या. पाणी भरणाऱ्या बाईला वाटेत थांबवून प्रश्न विचारलेला त्यांना खपायचा नाही. “तिचा एक हंडा तू घे, बरोबर चाल, आणि चालता चालता विचार.” असे एका दिवसात मी सतरा हंडे वाहिलेत. (अण्णांच्या मते दोन, आणि त्यातला एक मी फोडला. पितळी हंडा फुटतो कसा, हे मात्र ते सांगत नाहीत.) बाई ‘लई लांब’ म्हणाली तर फॉर्मवर ‘लई लांब’ असंच उतरायला हवं, तिथं आपला किलोमीटर घुसडायचा नाही. उत्तर मिळालं नाही तर रकाना मोकळा. मोकळा रकाना बघून मॅडमचा चेहरा असा खुलायचा की बाकीच्यांचा लग्नाचं आमंत्रण आल्यावर खुलत नसेल.

आता माझं पाप. उन्हाळ्यात तिसगावच्या मागच्या डोंगराकडच्या वस्त्यांवर पाहणी होती : पाणी कोण आणतं, कुठून, किती वेळ लागतो. माझ्या वाट्याला आली ती सगळ्यात वरची, नऊ घरांची वस्ती. ऊन असं, की खिशातला पेन चालता चालता उकळला. मी चढाच्या पायथ्यापर्यंत गेलो, वर पाहिलं, आणि परत तिसगावच्या बाजारात येऊन एका हॉटेलात भेळ मागवली. भेळ संपेपर्यंत माझी नऊ घरं भरून तयार होती! काय एकेक माणूस उभं केलं होतं… एक विधवा, एक फौजेतून परतलेला, एकाच्या घरी लंगडी शेळीसुद्धा. खरं वाटावं म्हणून वयं अगदी नेमकी टाकली : सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकसष्ट. पाण्याला लागणारा वेळ, हॉटेलातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघत, सगळ्यांना दहा मिनिटं.

मॅडमनी फॉर्म वाचले. “छान लिहितोस,” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला फर्मान निघालं : बाजारात जा आणि प्रत्येकी दहा म्हाताऱ्यांना वय विचारून या. मी एका आजीला विचारलं. ती म्हणाली, “लिव्ह की साठ. मागच्या बारीला आला हुता त्यानंबी साठच लिवलं.” सगळ्यांच्या वह्यांत पन्नास, साठ, सत्तर. मॅडम म्हणाल्या, “आमच्या मास्तरांनी मला एक जून दिला, कारण आईला तारीख कुठून ठाऊक? आपल्याकडची माणसं वय सांगताना दहा-दहाच्या पायरीवर बसतात. ज्या फॉर्मात वयं मधे मधे नेमकी पडलेली दिसतील, तो फॉर्म माणसानं सांगितलेला नसतो.” सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता, मी पंख्याकडे. पण मला कुणी काही बोललं नाही. उलट त्या दिवसापासून मॅडम मला ‘काय हो, कादंबरीकार’ म्हणायला लागल्या, आणि मी ते कौतुक समजून बावीस वर्षं छातीवर मिरवलं.

पाहणीचा अहवाल छापून वर गेला. कुठल्या वस्तीला पाण्याची टाकी द्यायची, ते त्यावरून ठरणार, असं कळलं. माझी दहा मिनिटं छापली गेली असतील तर वरच्या नऊ घरांतल्या बाया जन्मभर चढ-उतार करणार… अहवालाची माझी प्रत मी कधी उघडली नाही. त्या रस्त्याला फिरकलो नाही. पाथर्डीला जायचं तर नेवासा-शेवगाववरून वळसा घालायचो, आणि त्या वाटेवर शनीचं देवस्थान असल्यानं लोक मला शनिभक्त समजायचे. पुढे याच धंद्यात सुपरवायझर झालो. वयांची ती युक्ती वापरून पोरांचे बनावट फॉर्म पोत्यानं पकडले, आणि प्रत्येक वेळी ती लंगडी शेळी समोर येऊन उभी राहिली.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा, कार्यक्रम झाला, काही आठवडे गेले, आणि अण्णांनी कागद आवरायला बोलावलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या साडीच्या काठानं बांधलेला एक गठ्ठा होता. वरचे नऊ फॉर्म माझ्या अक्षरातले. प्रत्येक वयाभोवती तांबड्या पेन्सिलीचं वर्तुळ, आणि खाली मॅडमचं अक्षर : ‘नऊ घरं, एकही साठ नाही?’

त्याखाली आणखी नऊ फॉर्म, तीच वस्ती, अक्षर मॅडमचं. नावं सगळी वेगळी. वयं साठ, चाळीस, ‘साठ असंल’. पाण्याच्या रकान्यात : ‘तांबडं फुटताना जाते, ऊन तापल्यावर येते.’ एका घराचे सगळे रकाने मोकळे, आडवं एकच वाक्य : ‘तुला कशाला सांगू?’ गठ्ठ्याच्या तळाशी अहवालाची मॅडमची प्रत होती; मी तसाच तिच्यावर झेपावलो, पान शोधलं. त्या वस्तीपुढे छापलं होतं : दीड तास. आणि मागच्या पानाला नंतर टाचलेल्या, टाकी मंजूर झालेल्या वस्त्यांच्या यादीवर मॅडमनी त्याच पेन्सिलीनं एका नावापुढे बरोबरची खूण केलेली…

मी फरशीवर बसलो. बावीस वर्षांचा हंडा डोक्यावरून उतरला की मान कशी हलकी होते, ते मी त्या दिवशी पाहिलं. हे मात्र थापेतलं नाही. तो गठ्ठा आता माझ्या टेबलावर असतो, त्याच काठात बांधलेला. नव्या पोरांना पहिल्या दिवशी तोच सोडून दाखवतो, लंगड्या शेळीसकट.

त्या दिवशी अण्णा खिडकीत टेबलफॅनचा स्क्रू आवळत बसले होते. गठ्ठा त्यांच्यापुढे धरला. “अण्णा, म्हणजे मॅडमना तेव्हाच कळलं होतं? आणि त्या उन्हात, त्या चढावर, एकट्या गेल्या त्या?”

अण्णांनी वर पाहिलं नाही.

“एकटी कुठं. गाडी मीच चालवली. दोनदा पंक्चर झाली.”