मायच्या मांड्यांवरचे काळेनिळे डाग

अमानवीय वगैरे गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर खुळ्यात काढत आले. शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलंय, अंगात येणाऱ्या बायकांना कांदा हुंगवून शुद्धीवर आणलंय! त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण ती वेगळ्याच कारणानं.

माझं माहेर आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. साल १९८८, भाताच्या रोवणीचे दिवस. मी तेव्हा मुंबईला होते, ह्यांच्या नोकरीमुळे. कमरेखाली मी थेट मायवर गेलेली. भरदार मांड्या. माय त्याच मांड्यांच्या जोरावर दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची, आणि मला मात्र ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीत त्या मांड्यांची शरम वाटायची. एका डॉक्टरांनी तेव्हा नवीनच आलेलं लायपोसक्शन सुचवलं.

"वजन उतरणार नाही हं," त्यांनी बजावलं. "बारीक छिद्रातून नळी घालून चरबी ओढून घ्यायची. फक्त आकार बदलतो."

त्यांनी पेनानं दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला गोल काढले. माहेरी मी कळवलं, शाळेचं ट्रेनिंग आहे, महिनाभर येणं जमणार नाही.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. मांड्या काळ्यानिळ्या पडतील, पंधरा दिवस ठणकतील, असं सांगितलेलं. पण वर बांधलेला घट्ट पट्टा सोडून पाहिलं, तर काहीच नाही! डाग नाही, सूज नाही, दुखणं नाही. डॉक्टर म्हणाले, "असं कधी पाहिलं नाही." मी खूश. म्हटलं, नशीब काढलं.

मग धाकट्या भावाचं, शालिकचं पत्र आलं. "ताई, लवकर ये. गावात तोंड दाखवायची सोय नाही राहिली मले."

गेले, तेव्हा कळलं. त्याच मंगळवारी सकाळी रोवणी करताना माय मटकन चिखलात बसली होती. लुगडं वर खोचलेलं होतंच. उचलायला आलेल्या बायकांनी पाहिलं, दोन्ही मांड्यांवर हे एवढाले काळेनिळे डाग. आदल्याच दिवशी तिचं नि शालिकचं बैलांवरून कडाक्याचं वाजलेलं, साऱ्या आळीनं ऐकलेलं. झालं! गावानं ठरवून टाकलं, पोरानं मायले मारलं.

माय घसा फोडून सांगत होती, "अवो, माह्या पोरानं हातबी नाही लावला मले!" पण पोराला झाकणाऱ्या माया काय त्या बायकांनी थोड्या पाहिल्या होत्या? दुसऱ्या दिवसापासून एकही बाई त्याच्या रोवणीला येईना. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, जागच्या जागी पिवळी पडली. वर शालिकची ठरलेली सोयरीक मोडली.

"दाखव," मी मायला म्हटलं.

डाग आता हिरवट झाले होते. बाहेरच्या बाजूला, दोन नेमके गोल. आणि माझ्या मांड्यांत नळी जिथून घातली होती, बरोबर तिथं मुगाएवढी खपली.

"पडली नाही, ठेच नाही," माय म्हणाली. "वाकली होती, तं एकदम वाटलं का कोणी आतून मांस ओढून राहिलं."

सांगायचं ना तेव्हाच! गावानं विश्वास ठेवला नसता, पण निदान त्या दोघांना तरी... पण मग ट्रेनिंगचं खोटं उघडं पडलं असतं. आणि तुझ्यासारखं दिसायची लाज वाटली गं, हे मायच्या तोंडावर बोलावं लागलं असतं. मी गप्प बसले. एवढंच नाही, निघताना शालिकला विचारलंसुद्धा, "खरंच नाही ना रे मारलंस?"

पुढं त्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. पुस्तकं पालथी घातली, काही मिळालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शालिक मुंबईला आला. जेवता जेवता थांबला.

"ताई, माणूस झोपेत मारू शकते का कोणाले?"

"का रे?"

"सारं गाव म्हणून राहिलं. आता मलेच वाटते... मीच मारलं असन मायले."

"नाही रे," मी म्हणाले.

"तुले कसं माहीत?"

मी त्याच्या ताटात भात वाढला.

ते डाग मायच्या अंगावर कसे उठले, मला आजही ठाऊक नाही. आणि शालिकला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.