डोहाच्या तोंडावरची भिंत

आमच्या गावच्या डोहाजवळून जाताना आता मी नाकाला रुमाल लावतो. पाण्यावर हिरवी साय, तीत उताणे पडलेले मासे, वर डासांचे थवे. ओकारीच येते. आणि काठावरची माणसं मोठ्या तोऱ्यात सांगतात, "पाह्य, आता पुराची घाण गावात येत नाही."

पुराची घाण म्हणे! पावसाळ्यात पैनगंगा फुगली की तिचं गढूळ पाणी नाल्यातून उलटं डोहात चढायचं. वर्षभराचं कुजकं पाणी ढवळून काढायचं, आणि त्याच्याबरोबर मासोळ्या अंडी घालायला वर यायच्या. आम्ही भोई. आई नाल्याच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची. हाती आलेल्या मासोळीचं पोट अंगठ्यानं हलकेच दाबायची. भरलेलं लागलं की म्हणायची, "सोड तिले, पोटुशी हाय," आणि स्वतःच तिला डोहाकडे सोडून द्यायची. पूर ओसरला की पिल्लं तिथंच वाढायची. पुढे तीच मासोळी आई ढाणकीच्या बाजारात विकायची. "माही मासोळी नदीची, सकायची," ही तिची एवढीच ऐट. शिळी मासोळी तिच्या टोपलीत कधी दिसली नाही.

मग काठच्या गोठ्यांत पाणी शिरतं म्हणून गावानं नाला डोहाला मिळतो त्या तोंडावर सिमेंटची भिंत घातली. नारळ फोडला, पेढे वाटले. आईनं विचारलं, "मंग मासोळ्या येतीन कोठून?"

"बाजारातून आणू ना, मावशी!" एक जण म्हणाला. सगळे खिदळले. मला त्यांच्या तोंडातल्या पेढ्यांचीही किळस आली.

पूर भिंतीबाहेर थांबला. गावाची गटारं मात्र डोहातच पडत राहिली.

परवा ढाणकीला गेलो. आई थर्माकोलच्या पेटीमागे बसली होती. पेटीत कुठून तरी ट्रकनं आलेली, बर्फात ठेवलेली मासोळी, डोळे पांढरे पडलेली. जुन्या सवयीनं तिनं एकीचं पोट दाबलं. अंगठा सरळ आत गेला. पिवळट रेंदा बोटांवर आला आणि असा वास सुटला की मी रुमाल काढला. तिनं हात लुगड्याला पुसला.

समोर गिऱ्हाईक उभं होतं. पाहतो तर तोच, त्या दिवशी 'बाजारातून आणू' म्हणणारा.

"नदीचीच हाय ना, मावशी?"

"हो," आई खाली बघत म्हणाली, "सकायची."